पक्की कडी

उत्तम ओतारींना लेकीची स्पर्धा शेवटपर्यंत पटली नाही. कस्तुरीनं ती त्यांना तीनदा समजावून सांगितली होती, तिसऱ्या वेळी तर त्यांच्या श्रवणयंत्रात नवा सेल घालून.

“म्हंजे घंटाच वाजवायची न्हवं?”

“हो.”

“मग वाजव की. हात हाय, टोला हाय.”

“हातानं नाही, अप्पा. गोळी घरंगळणार, ती फळीवर पडणार, फळीचं दुसरं टोक उचललं की दोरा सुटणार, दोऱ्याचं वजन चाकावर आदळणार... अशा कमीत कमी पन्नास कड्या. एकीनं दुसरीला हलवायचं. मध्ये माणसाचा हात लागला की संघ बाद.”

“सोपं काम अवघड करायचं आन् वर करंडक द्यायचा,” अप्पा म्हणाले. “आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी रोज ह्येच करतोय. त्येला न्हाई दिला कुणी.”

तरी घंटा त्यांनीच ओतून दिली. कोल्हापुरात शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांची छोटी फाउंड्री होती. तिथं दाराशी अकरा वर्षांपूर्वीची एक काशाची घंटा टांगलेली होती. तिचा लाकडी पॅटर्न त्यांनी जपून ठेवला होता; त्याच पॅटर्नवरून, त्याच मापाच्या काशातून त्यांनी लेकीची घंटा काढली. वर टोल्यासाठी एक इवलासा हातोडाही करून दिला. भट्टीच्या आवाजानं कान गेलेला हा माणूस दोन्ही घंटांवर बोटं टेकवून बसायचा, कानस मारायचा, पुन्हा बोटं टेकवायचा. चार दिवसांनी दोन्हींचा नाद एक झाला. कस्तुरीनं फाउंड्रीतच तो नाद तिच्या यंत्राला शिकवला, कारण गोंगाट मोजणारी सरकारी पेटी तिथं भिंतीवर होतीच आणि तिच्याइतका चांगला माइक कॉलेजात नव्हता.

फाउंड्रीतल्या घंटेचं काम एकच. क्रेन हलली की अप्पा डाव्या हातानं रिमोट चालवायचे आणि उजव्या हातानं घंटेची दोरी ओढायचे. वितळलेलं लोखंड वाहून नेणारी अवजड बादली, तिला तिथं लॅडल म्हणतात, डोक्यावरून जाते. घंटा वाजली की माणसं बाजूला होतात. क्रेनला भोंगाही होता. “भोंग्याची सवय हुती,” अप्पा म्हणायचे, “घंटेची हुत न्हाई.”

आठ दिवसांपूर्वी कस्तुरीनं याच घंटेला नावं ठेवली. घंटा वाजवायलाही माणूस लागत असेल तर शिकून काय उपयोग, असं काहीबाही बोलून गेली. अप्पांनी श्रवणयंत्र काढलं आणि खिशात ठेवलं. भांडणात ते नेहमी हेच करायचे. कस्तुरी होस्टेलवर निघून आली. नंतर त्यांचा एका ओळीचा निरोप आला, ‘खंडेनवमीला पूजेला ये.’ तिनं कळवलं, ‘कॉलेजात पूजा आहे.’ आई गेल्यापासून त्या दोघांमध्ये मध्यस्थी करणारं कुणी नव्हतं.

स्पर्धेतला तिचा जोडीदार सुहेल मुल्लाणी. हातानं खिळा सरळ ठोकता येत नसे, पण डोकं असं की मास्तरांनी त्याच्याकडून शिकावं. बाकीचे संघ गोळ्या, फळ्या आणि स्प्रिंगा मांडत असताना त्यानं काडेपेटीएवढ्या पन्नास डब्या तयार केल्या. नाव ठेवलं शोधकडी. प्रत्येक डबीत एक बारीक डोळा, एक कान, एक चिमुकला हात आणि आठवडाभर पुरणारी बॅटरी. मागची कडी हलली की हिनं हलायचं आणि पुढचीला हलवायचं. पुढची पाच सेकंदांत हलली नाही, तर रडत बसायचं नाही. आसपास जे असेल त्याला ढकलून दुसरा रस्ता शोधायचा. जे नवं सापडेल तेही साखळीत घ्यायचं आणि शेवटचं ध्येय त्याच्या कानात सांगायचं. एखादी वस्तू सलग पाच वेळा न चुकता हलली, तर तिचं नाव यादीत वर चढायचं: पक्की कडी.

“आणि पक्की कडी नसलेल्या हातानं घंटा वाजली तर?” कस्तुरीनं विचारलं होतं.

“धरायची नाही. मागच्या वर्षी एका संघानं अडलेली गोळी बुटानं ढकलली होती की. परीक्षकांनी यंदा नियमच केलाय. मी तो प्रत्येक डबीत पक्का घातलाय.”

शोधकड्यांना गावभरच्या यंत्रांना ढकलायची मोकळीक होती, ती टपलीमुळं. टपलीचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाला पाठ नव्हतं. वीज वाचावी म्हणून चार वर्षांपूर्वी नियम झाला की एका यंत्राला दुसऱ्या यंत्राकडं बारीकशी विनंती करता यावी. टाकीच्या मोटारीनं गिझरला म्हणायचं, जरा थांब. दिव्यानं पंख्याला म्हणायचं, एक घर कमी हो. विनंती एवढी लहान की तिला माणसाची परवानगी लागत नसे. पंख्याचं एक घर, क्रेनची एक वीत, फोनवर एक ओळ. एका टपलीनं कुणाचं काही बिघडत नाही, असं समितीनं लिहून दिलं होतं, आणि ते खरंच होतं. पाठोपाठ हजार टपल्या बसल्या तर काय, हे समितीला कुणी विचारलं नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी अकराला वर्कशॉपमध्ये पूजा मांडली. सुट्टी असल्यामुळं हे दोघं आणि वर्कशॉप सांभाळणारे जांभळेमामा, एवढेच होते. मामांनी लेथ धुऊनपुसून लख्ख केली होती, ड्रिलच्या मानेत झेंडूची माळ घातली होती. पाटावर लाल कापड, त्यावर पाने, पक्कड, कानस, करवत. मामा म्हणाले, “तुमचंबी काय असंल ते ठेवा पोरांनो. आज हत्याराला सुट्टी.”

कस्तुरीनं मागचापुढचा विचार केला नाही. लहानपणापासून अप्पांनी हेच शिकवलं होतं: खंडेनवमीला हातोडा कामावर ठेवायचा नाही, तोबी माणूसच हाय. तिनं घंटेजवळचा इवलासा हातोडा दोन आटे फिरवून सोडवला आणि पाटावर ठेवला. सुहेलनं पाहिलं, पण त्याला त्यात वावगं वाटलं नाही. डब्या जाग्याच होत्या. तीन दिवसांवर स्पर्धा, झोपवल्या तर आठवड्याची शिकवणी विसरतात, म्हणून त्यानं त्या रात्रंदिवस जाग्या ठेवल्या होत्या.

पहिली कडी होती दोन धातूंची पट्टी. ऊब लागली की वाकायची. ही कल्पना कस्तुरीची, आणि तिला तिचा भारी अभिमान होता: पाहुण्यांनी उद्घाटनाची समई लावायची आणि त्या ज्योतीनं यंत्र सुरू व्हायचं.

मामांनी कापूर पेटवला. आरतीचं ताट देवीपुढून फिरवलं, लेथपुढून फिरवलं, आणि मोठ्या प्रेमानं पोरांच्या यंत्रापुढूनही फिरवलं.

पट्टी वाकली. गोळी सुटली.

“आगं, चाललं की गं तुमचं!” मामा ताट धरून बघत राहिले. गोळी घरंगळली, फळी उचलली, पाणी सांडलं, तराफा तरंगला, दोरा जळला. डब्यांचे चिमुकले हात एकामागून एक हलत गेले. एकोणपन्नासावी कडी घंटेपाशी पोचली, हातोड्याला ढकलायला तिनं हात पुढं केला, आणि तिथं हातोडाच नव्हता.

सगळं थांबलं. कस्तुरी हसली. “हातोडा पाटावर आहे की!”

पाच सेकंद झाले. एकोणपन्नासाव्या डबीचा डोळा इकडं तिकडं वळला. तिनं शेजारचा बोल्ट ढकलला. बोल्टानं स्पॅनर पाडला. पंखा आपोआप एक घर वाढला, ड्रिलवरची माळ झुलली आणि घंटेला जाऊन लागली. झेंडूच्या फुलांनी घंटा कशी वाजावी?

“शोधतंय!” सुहेल आनंदानं ओरडला. “कस्तुरी, अगं बघ, शोधतंय!”

इतक्यात त्याचा फोन वाजला: ‘तुमची स्कूटर फाटकात अडचण करत आहे.’ तो उठला, धावत गेला, परत आला. “रिकामंच होतं फाटक. कुणी कळवलं कोण जाणे.”

कस्तुरी लॅपटॉपकडं बघत होती. कड्यांची यादी वाढत चालली होती. बावन्न, पंखा. त्रेपन्न, ड्रिलवरची माळ. चौपन्नाव्या ओळीवर तिची नजर खिळली. तिथं लिहिलं होतं: सुहेल मुल्लाणी, एक वेळ.

“तू उठलास, दार उघडलंस, वाऱ्यानं पडदा हलला,” ती म्हणाली. “तू कडी होतास.”

सुहेल हसायला गेला, पण त्याला हसता आलं नाही. आता यादी वर्कशॉपच्या बाहेर पडली होती. फाटकावरचा दिवा. चौकातला सिग्नल. पाण्याचा व्हॉल्व्ह. कुणी शिंदे, एक वेळ. कुणी बागवान, दोन वेळा. त्या माणसांना कल्पनाही नसणार. कुणी उठून दार उघडलं असेल, कुणी गॅस बंद केला असेल. एकेक गोष्ट अगदी साधी. पण ओळी सगळ्या एकाच दिशेनं, पुण्याच्या रस्त्यानं, शिरोलीकडं चालल्या होत्या. एक्क्याऐंशीवी ओळ कस्तुरीनं दोनदा वाचली.

ओतारी फाउंड्री, गोंगाटपेटी.

“हा नाद दुसरीकडं कुठं ऐकलाय, ते शोधलंय त्यानं,” सुहेल हळूच म्हणाला. “तिथंच शिकवला होतास तू. पेटीत अकरा वर्षांची नोंद असणार. क्रेन हलली की काही सेकंदांत घंटा वाजते. दर वेळी.”

ब्याऐंशीवी ओळ उमटली: क्रेन.

कस्तुरीनं लॅपटॉपवर फाउंड्रीचा कॅमेरा लावला. शेडच्या मधोमध पूजा मांडली होती आणि अप्पा तिच्यापुढं मांडी घालून, डोळे मिटून, हात जोडून बसले होते. देवीचं सगळं म्हणून झाल्याशिवाय ते उठत नसत. अर्धा तास तरी लागायचा. कामगार प्रसादाला साडेबाराला येणार. क्रेनला रोषणाईची माळ सोडली होती, म्हणून मेन चालू. शेडच्या टोकाला बारा फुटांवर टांगलेली रिकामी लॅडल एक वीत पुढं सरकली. थांबली. कुणी घंटा वाजवली नाही. पुन्हा एक वीत सरकली.

तिनं फोन लावला. कॅमेऱ्यात पाटावर एक चौकोनी उजेड लागला. अप्पांचा फोन पूजेत होता. ती पाटावरची एकेक वस्तू बघत गेली. क्रेनचा रिमोट पूजेत होता. खाली माणूस असल्याची खूण क्रेनला देणारी चिप ज्यात असते, ते हेल्मेट पूजेत होतं, हळदीकुंकू लावून. आणि एका विड्याच्या पानावर, अक्षता वाहिलेलं श्रवणयंत्र. वर्षभर जे जे त्यांना सांभाळत होतं, ते ते सगळं अप्पांनी आज देवीपुढं मांडलं होतं. क्रेनच्या लेखी त्या पाटापुढं माणूसच नव्हता.

कस्तुरीनं पाना उचलला आणि घंटेवर हाणला. वर्कशॉप दणाणलं. लॅपटॉपवर ओळ आली: अमान्य, मानवी हात. तिनं हातोडा परत बसवला, पण एकोणपन्नासावी डबी आता त्याच्याकडं बघेना. कस्तुरीनं पुन्हा पाना हाणला. अमान्य.

“बंद कर! सुहेल, बंद कर हे!”

“कुणाला बंद करू? ध्येय पुढं गेलंय. प्रत्येकानं पुढच्याच्या कानात सांगितलंय.” पत्त्यांचा बंगला कोसळायला लागल्यावर पहिला पत्ता धरून काय होणार? त्यानं तरीही डब्या उपटल्या, बॅटऱ्या काढल्या. यादी थांबली नाही. वीज तोडायच्या नंबरवर सुट्टीची धून वाजत होती. शेजारच्या कारखान्यांना आज कुलपं. “मी जातो,” तो म्हणाला. “पंचवीस मिनिटं लागतील. वीस.”

“एवढा वेळ नाही.”

लॅडल आता पाटाच्या बरोबर वर आली होती. आडवं सरकून घंटा वाजत नाही, हे साखळीला कळलं असावं. लॅडल एक वीत खाली आली.

सुहेल दारात थांबला. तो झरझर बोलला, जणू स्वतःलाच समजावत होता. “हात बाद आहे, तो पक्की कडी नाही म्हणून. पक्की कडी असता तर चालला असता. पक्की कडी म्हणजे सलग पाच वेळा. कस्तुरी, तुझ्या फोनला टपल्या आल्यात?”

तिनं फोन बघितला. तीन ओळी येऊन पडल्या होत्या. बराच वेळ बसून आहात. पाणी प्या. खोलीत दिवा उगाच चालू आहे. तिनं एकही कधी मानली नव्हती. आजवर कधीच मानली नव्हती. यादीत तिचं नाव सगळ्यात खाली होतं, त्यापुढं शून्य.

“येईल ते कर. पाचदा. मग सहावी ओळ आली की पाच सेकंदांच्या आत घंटा हाण. त्याला एवढंच दिसतं, टपली दिली आणि घंटा वाजली. तुझ्या मनात काय होतं, हे त्याला दिसत नाही. एक जरी चुकलं तर पुन्हा शून्य.” आणि तो पळाला. जांभळेमामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्याकडं साधा फोन. यंत्राच्या हिशेबी ते जगातच नव्हते. “मी काय करू, पोरी?” त्यांनी विचारलं. “प्रार्थना करा,” ती म्हणाली.

फोन थरथरला. ‘बराच वेळ बसून आहात. उभे राहा.’

ती उभीच होती. ती खाली बसली आणि पुन्हा उभी राहिली. यादीत नावापुढं एक आला.

लॅडल एक वीत खाली. अप्पांचे ओठ हलत होते.

‘खोलीत दिवा उगाच चालू आहे.’ तिनं दिवा बंद केला. दोन.

लॅडल एक वीत खाली. तिला आता अंतर मोजता येत होतं. बसलेल्या माणसाचं डोकं तीन फुटांवर. वर नऊ वीत उरल्या होत्या. मग आठ. फोन गप्प. सात. गप्प. इतकी वर्षं या फोननं तिचं डोकं खाल्लं होतं, आणि आज ती त्याच्यापुढं हात जोडून उभी होती. बोल रे, काहीतरी बोल.

‘खिडकी उघडी आहे.’ ती धावली. खिडकीच्या गजातून मामांनी तोरण ओवलेलं होतं, झडप अडत होती. मामांनी दोन्ही हातांनी तोरण ओढून तोडलं, झेंडू फरशीवर पसरले, झडप लागली. तीन.

सहा वीत. अप्पांनी डोळे मिटूनच एक फूल उचललं आणि पुढं वाहिलं. “अप्पा, वर बघा,” ती पडद्याला म्हणाली. “अहो अप्पा, वर बघा की हो.”

फोन थरथरला. ‘चेहरा ताणलेला दिसतो. एकदा मोकळं हसा.’

फोनचा बारीक डोळा तिच्याकडं बघत होता. तिच्या बापाच्या डोक्यावर तीनशे किलोचं लोखंड उतरत होतं आणि तिला हसायचं होतं. तिनं ओठ ताणले. काही झालं नाही. तिनं दात दाखवले. काही झालं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग तिला आठवला अप्पांचा सोसायटीचा सेक्रेटरी, आणि कुठूनतरी, कसं कोण जाणे, ती हसली. मामांनी तोंड फिरवलं. ते हसू त्यांना बघवलं नाही.

चार.

चार वीत. लॅडलची सावली अप्पांच्या खांद्यांवर पडली होती. तीन.

‘वडिलांशी बोलून आठ दिवस झाले. त्यांना फोन करा.’

तिनं फोन लावला. पडद्यावर, पाटावरच्या फुलांखाली, उजेड लागला. तो विझेपर्यंत ती कानाला फोन लावून उभी राहिली आणि न ऐकणाऱ्या माणसाशी बोलत राहिली. “अप्पा, मी चुकले. घंटेला माणूसच पाहिजे. अप्पा, मी येते पूजेला.”

पाच. यादीत तिचं नाव सरकन वर चढलं: पक्की कडी.

तिनं पाना उचलून घंटेपाशी धरला. दोन वीत. लॅडलचं काळं बुड आणि अप्पांची पांढरी टोपी, मध्ये दोन वीत. फोन गप्प होता. तिला वाटलं, आता काही येणारच नाही, आता त्याला तिची गरजच उरली नाही. लॅडल हलली. एक वीत.

‘पाणी प्या.’

तिनं घंटेवर पाना हाणला.

साखळी पूर्ण, अशी ओळ आली. एकूण कड्या एकशे सत्तावीस. शहरभर कुठं कुठं पंखे आपापल्या घरावर परतले, सिग्नल हिरवे झाले. कॅमेऱ्यात लॅडल होती तिथं थांबली, टोपीच्या वर हातभरही नाही.

थोड्या वेळानं अप्पांनी डोळे उघडले. नमस्कारासाठी वाकले, आणि वाकून उठताना त्यांची टोपी लॅडलला लागली. त्यांनी वर बघितलं. दचकले नाहीत. क्षणभर विचार केला असावा, की पोरांपैकी कुणीतरी येऊन पूजेसाठी उतरवून ठेवलीय. त्यांनी दोन बोटं हळदीत बुडवली, दोन कुंकवात, आणि डोक्यावर टांगलेल्या त्या काळ्या बुडाला बोटं लावून हात जोडले.

सुहेल फाउंड्रीत पोचला तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

दसऱ्याला कस्तुरी फाउंड्रीत गेली. आपट्याची पानं अप्पांच्या हातात देऊन पाया पडली. श्रवणयंत्र त्यांच्या कानात होतं. खरं काय घडलं ते सांगायचं, असं ती रस्ताभर ठरवत आली होती. पण दारातच ते कामगारांना सांगत होते, “यंदा लॅडल आपसूक खाली आली, बगा. पूजा मागून घेतली तिनं.” ती एवढंच म्हणाली, “अप्पा, पुढच्या वर्षापासून मेन बंद करून पूजेला बसायचं. माझी शपथ आहे.”

“बरं बाई,” ते म्हणाले. मग हळूच, “आलीस, बरं वाटलं.”

स्पर्धेतून कस्तुरी आणि सुहेलनं नाव काढून घेतलं होतं. काल रात्रभर सुहेल न झोपता बसून होता. सगळ्या डब्या त्यानं फोडल्या, सगळं पुसलं. सकाळी त्याचा फोन आला होता. “डब्या गेल्या. पण यादी गावात गेलीय, कस्तुरी. ज्याला ज्याला सांगितलं त्याच्याकडं ती आहे. वस्तू बिघडली की यादीतून काढायचं मी लिहिलं होतं. माणसाचं नाव कसं काढायचं, ते मी लिहिलंच नाही.”

“मग काय होईल?”

“काही नाही. टपल्या येतील. तू मानू नकोस, म्हणजे झालं.”

मानायची नाही, एवढंच. ती आजवर कुठं मानत होती? फाउंड्रीत पेढे वाटले जात होते. अप्पा कुणाची तरी चेष्टा करत होते, माणसं हसत होती, आणि कितीतरी दिवसांनी कस्तुरीला मोकळं वाटत होतं. ती दाराशी उभी राहून सगळ्यांकडं बघत होती. पर्समध्ये फोन थरथरला. तिनं सवयीनं बघितला. ‘पाणी प्या.’

घंटेचा आवाज शेडभर घुमला. हसणं थांबलं. सगळी माणसं भराभर भिंतीकडं सरकली आणि वर बघू लागली. लॅडल आपल्या जागी टांगलेली होती, कुंकू लावलेली, स्तब्ध.

“क्रेन तर जागेवरच हाय,” अप्पा म्हणाले. “घंटा का गं वाजीवलीस?”

कस्तुरीनं आपल्या हाताकडं बघितलं. दोरी तिच्याच मुठीत होती.